नसलेली सुई

३ ऑक्टोबर

बोलायला कोणी नाही म्हणून लिहितो. शाळा सातवीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणारा मीच आहे, तर लाजायचं कशाला.

खोली तशी दोघांची आहे. दुसरा बेकरीत कामाला. त्याची रात्रपाळी, माझी दिवसपाळी, पलंग एकच. सकाळी मी उठतो आणि तो आडवा होतो. तो विचारतो, "गादी गरम आहे का?" मी म्हणतो, "आहे." संपलं बोलणं. उशीला त्याच्या केसांतल्या पिठाचा वास येतो, त्यामुळे माझ्या स्वप्नात हल्ली पाव फुगत असतात. कधी कधी घराएवढे.

नवं काम लाँड्रीत लागलं. गल्लीतली नाही, मोठी. दवाखान्याच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. मधोमध एक भिंत आहे आणि धुण्याची मशिनं त्या भिंतीतच बसवलेली आहेत. एका बाजूच्या दारानं मळकं आत घालायचं, दुसऱ्या बाजूच्या दारानं धुतलेलं काढायचं. मळक्या बाजूला जो गेला, त्यानं अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय इकडे पाय ठेवायचा नाही. मुकादमानं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं. मी धुतलेल्या बाजूला आहे, घडीला.

आईचा फोन आला होता. म्हणाली, "आता तरी टिक बाबा. तुझ्या पायाला नुसती भिंगरी आहे." खरं आहे. कागदाचं गोदाम सोडलं, रंगाचं दुकान सोडलं, सामान पोचवायची गाडी सोडली. मला एका जागी करमतच नाही.

९ ऑक्टोबर

इथे सगळं पांढरं आहे. वाफ वर चढते, उंच खिडक्यांतून ऊन तिच्यात उतरतं आणि माणसं अर्धी दिसतात. कोणाचं डोकं दिसतं तर कोणाचे नुसते हात. चालताना वाटतं, आपण ढगात मजुरीला लागलोय.

मोठ्या चादरीची घडी दोघांनी घालायची असते. चार कोपरे दोघांत. लांब उभं राहायचं, ताणायचं, झटकायचं, मग चालत एकमेकांकडे यायचं आणि आपले कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे. माझ्या समोर रफूवाली असते. तिचं खरं काम फाटलेल्या चादरी रफू करणं, तिचं टेबल खिडकीखाली आहे. रफू नसेल तेव्हा ती घडीला येते. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. विचार करताना सुई ओठांत धरते. मला ते बघवत नाही.

आज तिनं विचारलं, "तू प्रत्येक चादरीवरून हात का फिरवतोस? मांजर आहे का ती?"

मी म्हणालो, "सवय आहे."

"चाचपड्या आहेस," ती म्हणाली. दुपारपर्यंत सगळी लाँड्री मला चाचपड्या म्हणू लागली. मुकादमसुद्धा. ऐकायला वाईट नाही वाटलं, कारण आधी ती म्हणाली होती.

१० ऑक्टोबर

सवय नाहीये ती. इथे तरी खरं लिहावं.

मला वाटतं चादरीत सुई राहिली असेल. तिच्यावर कोणी तरी झोपेल. लहान मूल असेल. ते कूस बदलेल.

१८ ऑक्टोबर

आज एका चादरीवर हात फिरवता फिरवता म्हणालो, "इथे रफू आहे."

ती आली, तिनं कापड उजेडात धरलं, डोळे बारीक केले. "आहे," ती म्हणाली. "माझं रफू आजवर कोणाच्या हाताला लागलं नव्हतं. नाक कापलंस माझं." मग दिवसभर ती माझ्याकडे एकेक चादर फेकायची आणि म्हणायची, "शोध." मी शोधायचो. दोनदा हरलो तर तिनं टेबलावर अशी थाप मारली की मुकादम धावत आला.

काम सुटताना तिला विचारतो, सुया सगळ्या डबीत आहेत ना. ती म्हणते, हो. मग माझा जीव भांड्यात पडतो. बस येईपर्यंत पडलेला राहतो. बस आली की वाटतं, ती बघून म्हणाली का उगाच म्हणाली? मग सकाळी पुन्हा विचारतो. तिला राग येत नाही, हे तिचं मोठेपण. रंगाच्या दुकानात डब्यांची झाकणं नीट बसली का, हे मालकाला विचारत बसायचो, तर तो एकदा म्हणाला, "तू दुकान चालवतोस का राखण करतोस?" मग मी ते दुकानच सोडलं.

२ नोव्हेंबर

वीज गेली. सगळी मशिनं एकदम थांबली आणि अशी शांतता झाली की कानात बोटं घालून बाहेर काढल्यासारखं वाटलं. मुकादम म्हणाला, "बसा, हलू नका, काही बिघडवू नका."

आम्ही सुकायला टांगलेल्या चादरींच्या मध्ये जमिनीवर बसलो. दोन्ही बाजूंना पांढरं, वर खिडकीचा तुकडा. तिनं विचारलं, "तू घडी घालताना कसला विचार करतोस रे?"

मी सुईचं सांगितलं नाही. म्हणालो, "यावर कोण झोपेल त्याचा." तेही खोटं नव्हतं. मी खरंच बघतो ती माणसं. एक म्हातारा असतो, चष्मा छातीवर ठेवून झोपलेला. हॉटेलात आलेली एक बाई असते, तिला परक्या गावात झोप लागत नाही, ती चादरीचा काठ बोटांत धरते. मी बोलत गेलो आणि ती ऐकत गेली. मध्येच म्हणाली, "मग त्या बाईला झोप लागली का?"

"तू कोपरे घेऊन आलीस म्हणून तिचं अर्धवट राहिलं," मी म्हणालो.

आजवर तिला तुम्ही म्हणत होतो. तोंडातून तू कसं गेलं कळलं नाही. तिनंही लक्ष दिलं नसावं, कारण ती चादरीच्या टोकाची गाठ मारत आणि सोडत बसली. वीज आली तेव्हा मला वाईट वाटलं. वीज आल्यावर वाईट वाटणारा मी एकटाच असेन.

११ नोव्हेंबर

जमेल तसं लिहितो.

सकाळी तिची सुई तुटली. तिनं दोन्ही तुकडे शोधले, मला दाखवले, डबीत टाकले. मी डोळ्यांनी बघितले. दुपारी दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डाचे गठ्ठे बांधून गाडीवर चढले आणि मला शंका आली. दुसरा तुकडा बघितला का मी? का पहिलाच दोनदा बघितला?

एक गठ्ठा सोडला. चाचपला. बांधला. नीट चाचपला नाही असं वाटलं. सगळे सोडले. मग आठवलं की जेवणाच्या सुट्टीत मी एप्रन बदलला, जुना मळक्या बाजूला गेला. तुकडा त्यालाच अडकला असेल. मी भिंतीपलीकडे गेलो. मळक्या ढिगात कोपरापर्यंत हात घातले, एप्रन शोधला, उलटा केला, झटकला. काही नव्हतं. मग वाटलं, एप्रनला नाही म्हणजे गठ्ठ्यातच आहे. आणि तसाच परत आलो. अंघोळ नाही, कपडे नाही, हातसुद्धा धुतले नाहीत. सगळ्या चादरी पुन्हा उघडल्या.

व्हॅनवाले काका माल न्यायला आले होते. ते म्हणाले, "अरे, तू पलीकडच्या दारानं कसा आलास?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

मुकादम आला. "कशाकशाला हात लावलास?"

"सगळ्याला."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सगळं परत मशिनीत," एवढंच म्हणाला. काकांनी दवाखान्यात फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, मुलांना आज कालच्याच चादरींवर झोपवतो, काय करणार.

ज्या मुलांसाठी माझा जीव टांगणीला, त्यांनाच मी मळक्यात झोपवलं.

रफूवाली थांबली. ओल्या चादरी काढताना तिनं हळूच विचारलं, "तुकडा डबीत टाकताना तू बघितलास ना?"

"बघितला."

"मग?"

"बघितला, हे खरंच बघितलं का, ते आठवेना."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

१२ नोव्हेंबर

गाव सोडायचं ठरवलं. पिशवी भरली. बेकरीवाला झोपला होता. दार ओढलं, जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि वाटलं, नळ चालू राहिला. परत आलो. बंद होता. कोपऱ्यापर्यंत गेलो. बंद होता, पण घट्ट होता का? परत आलो. असं चाललं होतं. शेवटी खिडकीतून बघितलं तर माझी बस नाक्यावरून वळून जात होती.

मी पिशवीवर बसून राहिलो. तेवढ्यात दारात रफूवाली.

"मुकादमानं पाठवलं?"

"मुकादमाला तुझी काय पडलीय? मी आले." तिनं पिशवीकडे बघितलं. "गेला नाहीस?"

"बस चुकली."

"घरातून बस चुकली?"

पलंगावरून, चादरीच्या आतून, बेकरीवाल्याचा आवाज आला, "नळ बंद आहे रे बाबा. सकाळपासून बंद आहे. बाई, याला घेऊन जा, मला झोपू द्या."

आम्ही जिन्यात बसलो. मी तिला सगळं सांगितलं. सुई, झाकणं, गोदामात न विझलेली विडी शोधत कागद उपसले होते ते. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना मलाच ते कोणा वेड्याचं वाटत होतं.

ती म्हणाली, "माझा मामा असाच होता. कुलूप. घराचं कुलूप लावलं का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जायचा. मी लहान होते, मी त्याच्यासाठी पळत जाऊन बघून यायचे. लावलंय मामा, म्हणायचे. तो खूश व्हायचा. पुन्हा पाठवायचा. शेवटी शेवटी तो घरातून बाहेरच पडेना. आणि मला वाटायचं, मी त्याला मदत करते."

मग म्हणाली, "दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टरीणबाई बसतात. सिस्टरना मी विचारून ठेवलंय."

तिनं कधी विचारलं कोण जाणे.

२२ नोव्हेंबर

गंमत म्हणजे तपासायच्या खोलीतल्या कॉटवर आमच्याच लाँड्रीची चादर होती. घडीच्या रेषा ओळखल्या. हात शिवशिवत होते, पण डॉक्टरीणबाई बघत होत्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा जांभई दिली, त्यामुळे मला धीर आला, म्हणजे जगावेगळं काही नसणार. म्हणाल्या, "याला मंत्रचळ म्हणतात. आजार आहे, खोड नाही."

आमच्याकडे आत्याला म्हणायचे हा शब्द. हात धूत बसायची. मला ती शिवी वाटायची.

त्या म्हणाल्या, असले विचार सगळ्यांनाच येतात. बाकीच्यांकडे ते डोकावतात आणि जातात. तुम्ही त्यांना खुर्ची देता, चहा विचारता, उलटतपासणी घेता, म्हणून ते मुक्कामाला राहतात. गोळ्या दिल्या, त्यांचा गुण यायला वेळ लागेल म्हणाल्या. दर बुधवारी यायचं. आणि घरचा अभ्यास असा की चादर चाचपायची नाही. विचार आला तर येऊ द्यायचा, बसला तर बसू द्यायचा.

"आणि सुई खरंच असली तर?" मी विचारलं.

"असेलही," त्या म्हणाल्या. मला वाटलं या डॉक्टर आहेत का वैरी.

मग म्हणाल्या, सोबत कोण आलंय, त्यांना जरा आत पाठवा. रफूवाली बराच वेळ आत होती. बसमध्ये पर्सची चेन उघडत होती, लावत होती. काय म्हणाल्या विचारलं, तर म्हणाली, "खिडकी लाव, वारा येतोय."

३० नोव्हेंबर

जे व्हायचं ते झालं. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं असणार की या माणसापासून लांब राहा.

काम सुटताना विचारलं, "सुया सगळ्या आहेत ना?"

"असतील."

"असतील म्हणजे?"

"असतील किंवा नसतील. कोपरे धर."

सोमवारपासून रोज हेच. आधी कशी पटकन हो म्हणायची. आज मी जरा आवाज चढवला, म्हणालो, "एक शब्द बोलायला काय जातं तुझं?" ती उठून तिच्या टेबलाकडे गेली, पाठ करून बसली. नंतर बघितलं तर डोळे लाल होते. साबणाची पावडर उडते तिकडे, मला पण चुरचुरतात.

पिशवी अजून पलंगाखाली भरलेली आहे.

८ डिसेंबर

मुकादमानं मला घडीलाच ठेवलं, पण बजावून. एक चादर, एक घडी, पुढे ढकलायची. हात फिरवला की तो दुरूनच ओरडतो, "चाचपड्या, पंजा वर." सगळे हसतात. मीही हसायला लागलोय, पंजा वरच ठेवून.

आज वाटलं, सुई गेली. म्हणजे चादरीतून गेली. मी पंजा वर केला आणि तिला जाऊ दिलं. ती गाडीत चढली, पुलावरून गेली, दवाखान्याच्या जिन्यानं वर गेली. सगळा वॉर्ड दिसत होता मला. पडदे हलत होते, मुलं झोपली होती, आणि ती चकाकणारी बारीक गोष्ट एका मुलाखालून दुसऱ्या मुलाखाली जात होती, नदीत मासा जावा तशी. मी घाम पुसत उभा. ती डोळ्यांपुढून गेली नाही. पण काम सुटायच्या सुमारास लक्षात आलं की सुई आहे आणि मला भूकही लागली आहे. दोन्ही एकाच वेळी. हे आधी कधी झालं नव्हतं.

काकांना विचारलं, दवाखान्यातून काही तक्रार आली का. ते म्हणाले, "तुला सांगायचं नाही असा हुकूम आहे."

"कोणाचा?"

"ते पण सांगायचं नाही असा हुकूम आहे," ते म्हणाले आणि मिशीत हसले. मुकादमाचाच असणार. पण मग काका मला म्हणाले, "एवढी काळजी माझी बायकोसुद्धा माझी करत नाही." काकांची बायको मध्येच कुठून आली, कळलं नाही.

१४ डिसेंबर

आईला फोनवर सांगितलं. म्हणालो, "भिंगरी नाहीये आई. मंत्रचळ आहे मला."

तिकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आत्यासारखं?"

"हो."

"आम्ही फार हसायचो रे तिला," आई म्हणाली. आणि जरा वेळानं, "जेवलास का?"

फोन ठेवला आणि खूप हलकं वाटलं. पिशवी रिकामी केली. कपडे खिळ्यांना टांगले. बेकरीवाल्याचे आणि माझे शर्ट शेजारी शेजारी, दोन माणसं भिंतीला टेकून गप्पा मारताहेत असे दिसतात. माझं डोकं असं आहे. दुसरं मिळणार नाही, हेच घेऊन कामाला जायचंय. आत्याला हे कोणी सांगितलं असतं तर.

२१ डिसेंबर

घडी घालताना शेवटी विचारलंच, "तू माझ्यावर रागावलीस का?"

"नाही."

"नक्की?"

तिनं चादर खाली ठेवली. आमच्यात खाली ठेवलेली चादर परत धुवायला जाते, तरी ठेवली. "हे बघ," ती म्हणाली, "ही पण सुईच आहे तुझी. सुयांचं उत्तर दिलं की तू चार घटका बरा आणि मग आणखी वाईट. मामाला मी तसं बिघडवलं. तुला नाही बिघडवणार. तू डोळे वटारलेस तरी."

आत्ता कुठे उजेड पडला. म्हणजे ते असतील किंवा नसतील त्यासाठी होतं.

"एकदाच सांगते," ती म्हणाली. "तू मला आवडतोस. चाचपडत होतास तेव्हाही आवडत होतास. उद्या विचारलंस तर मी काही बोलणार नाही. परवाही नाही. लक्षात ठेव नाही तर विसर."

मुकादम लांबून म्हणाला, "ती चादर जमिनीवर का आहे?"

"पडली," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

घरी येईपर्यंत शंका सुरू. आवडतोस म्हणाली का आवडत होतास? दोन्ही म्हणाली बहुतेक. दया येऊन म्हणाली असेल का?

२२ डिसेंबर

विचारलं नाही. दुपारी ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं.

७ जानेवारी

आज रविवार. तिनं तलावावर बोलावलं होतं, सकाळी. बांधावरून चालायला वाट आहे. धुकं असं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते दिसत नव्हतं. एक होडी दिसली, तीही पाण्यावर नसून मध्येच कुठे तरी टांगल्यासारखी. तिच्यातला माणूस बसून होता, वल्हवत नव्हता.

आम्ही पुष्कळ चाललो. ती बेकरीवाल्याची नक्कल करत होती, "बाई, याला घेऊन जा." तिचा चेहरा धुक्यात ओला झाला होता.

म्हणाली, "माझं एकदा ठरून मोडलं होतं. तुला कोणी सांगितलं असेल."

कोणी सांगितलं नव्हतं.

"तो पण तुझ्यासारखा बाहेरून आलेला. चांगला होता. मग एक दिवस गेला." चपलेच्या टोकानं ती खडा ढकलत होती. "तू इथे राहणार आहेस ना? नक्की?"

नक्की हा माझा शब्द. तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनं तो विचारला आणि माझ्याकडे बघितलंच नाही, पाण्याकडे बघत राहिली. किती सोपं होतं हो म्हणणं. मी त्या एका शब्दावर किती वर्षं काढली, तो मिळाल्यावर कसं वाटतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत? आणि बस येईपर्यंतच तो टिकतो, हेही मलाच माहीत.

मी म्हणालो, "नक्की असं मला काहीच सांगता येत नाही. उद्या कामावर येणार आहे."

तिनं तो खडा पाण्यात ढकलला. वाटलं, घालवलं आपण सगळं.

"आणि मंगळवारी?" तिनं विचारलं.

"मंगळवारी पण."

"बुधवारी?"

"बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. तिकडून येईन."

मग ती हसली. तिचे हात गार पडले होते, तिनं एक हात माझ्या कोटाच्या खिशात घातला, जसा काही तो खिसा तिचाच होता. आम्ही पुढे चालायला लागलो. होडी दिसेनाशी झाली. गुरुवारचं तिनं विचारलं नाही.